अर्धी गोळी

ठमीला, आमच्या मांजरीला, ती गोळी मी दिली. हे आधीच लिहून टाकते, कारण डॉक्टरांपुढे हे कबूल करायला मला तीन तास लागले आणि आईपुढे चार दिवस.

रविवारची संध्याकाळ होती. ठमी कपाटावरून उतरताना कशात तरी अडकली, धप्पकन पडली आणि पुढचा डावा पाय उचलून धरायला लागली. ओरडली वगैरे नाही. पलंगाखाली गेली ती गेलीच. रात्री वाटीतलं खाणं तसंच राहिलं. तिला ओढून बाहेर काढलं, कानाला हात लावला तर कान गरम. झालं, मी निदान करून मोकळी झाले: पाय दुखतोय, ताप आलाय. (मांजराचं नेहमीचंच तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते गरमच लागतं, हे शहाणपण नंतरचं.)

घरात ताप आणि दुखणं यांवर काय घेतात? पॅरासिटामॉल. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी, लहान बाळांनासुद्धा औषध म्हणून पाजली जाणारी, आईच्या भाषेत ‘साधी’ गोळी. माणसाला एक लागते तर मांजराला अर्धी पुरे, हे माझं गणित. ते गणित इतकं उघड चुकलेलं आहे की आता लिहितानाही लाज वाटते. ठमीचं वजन चार किलो, आणि मी साठ किलोच्या माणसाच्या डोसाचा निम्मा डोस तिला दिला.

पावणेदहाला ५०० मिलिग्रॅमची गोळी मधल्या रेघेवर मोडली. अर्धी परत पाकिटाच्या फाटलेल्या कप्प्यात सरकवली, अर्धी दोन चमच्यांमध्ये चुरली, पाण्यात कालवली आणि ड्रॉपरने गालफडातून तोंडात सोडली. ठमीने तोंडाला फेस आणला, मान झाडली, थोडं माझ्या बाहीवर उडालं. बहुतेक सगळं पोटात गेलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून ‘शहाणी गं माझी’ असंही म्हटलं.

पावणेबाराला ती उलटी करताना आवाजाने जाग आली. पिवळसर पाणी फक्त. म्हटलं, रिकाम्या पोटी औषध गेलं म्हणून झालं असेल. मग बघते तर हनुवटीखालची सगळी लव लाळेने चिकट, आणि चेहरा काहीतरी वेगळाच. दिवा लावून बघितलं. डोळ्यांखाली आणि जबड्याच्या दोन्ही बाजूंना सूज होती, एखाद्या बोक्यासारखा रुंद झाला होता चेहरा. पुढच्या पंजांनाही सूज. ती बसली होती कोपरं अंगापासून लांब टाकून, मान पुढे काढून, आणि पोट भात्यासारखं हलत होतं. एका मिनिटाचे श्वास मोजले तर चौपन्न भरले. झोपलेल्या, शांत मांजराचे तीसच्या आत असतात.

तिचा ओठ वर केला. हिरड्या रोज गुलाबी असतात. त्या रात्री त्या मातकट होत्या. लाल नाही, निळ्या नाही, पांढऱ्याही नाही. पावसात भिजलेल्या विटेवर चिखल बसल्यावर जो रंग येतो तो.

तेव्हा पहिल्यांदा मी फोन उघडून ‘मांजर’ आणि गोळीचं नाव एका ओळीत लिहिलं. पुढे काय वाचलं ते इथे सांगत नाही. पहिल्या दोन ओळींतच हातपाय गार पडले.

मी स्वयंपाकघरात गेले आणि मिठाची बरणी काढली. उलटी करवायची एवढंच डोक्यात. नशीब, की बरणी हातात असतानाच रात्रभर उघड्या असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लागला. पलीकडे एक मुलगा होता, आवाजावरून विशी-पंचविशीतला. त्याने माझं रडगाणं मधेच तोडलं. काय खाल्लं, किती, कधी, वजन किती, आत्ता श्वास कसा आहे, एवढंच त्याला हवं होतं.

मी म्हटलं, “खाली पडलेली गोळी खाल्ली वाटतं. कधी ते माहीत नाही.”

का म्हटलं? कुणी विचारलंही नव्हतं की तुम्ही दिली का. तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर ते खरं करत बसावं लागलं.

“उलटी करवू नका,” तो म्हणाला. “मीठ नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, दूध नाही, काही नाही. पाकीट सोबत आणा. उरलेल्या गोळ्या, असेल तर उलटी कागदावर घेऊन, सगळं आणा. लगेच निघा.”

मी बरणी परत ठेवली. नंतर त्याच मुलाकडून कळलं की मीठ पाजल्याने उलटी होईलच असं नाही, पण रक्तातलं सोडियम इतकं चढू शकतं की झटके येऊन जनावर त्यानेच जातं. पेरॉक्साइड कुत्र्यांना कधीकधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून देतात. मांजरात मात्र त्याने पोटाचं अस्तर भाजून रक्तस्राव होऊ शकतो. दुधाने विष उतरतं ही तर नुसती समजूत आहे. आणि जे जनावर आधीच धापा टाकतंय त्याला उलटी करवली तर ती फुप्फुसात जायची भीती. घरच्या घरी मांजराला सुखरूप उलटी करवण्याचा उपायच नाही. दवाखान्यात त्यासाठी इंजेक्शन असतं, तेही मांजर शुद्धीवर, श्वास नीट आणि वेळ फार गेलेली नसेल तरच.

भावाला उठवलं. त्याने गाडी काढली. आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, “काय खाल्लंन गं तिनं?” मी उत्तर द्यायच्या आत भाऊ म्हणाला, “खाली पडलेली गोळी, आई. ताई सांगत होती फोनवर.” मी पिंजऱ्याचं दार लावत होते. लावत राहिले.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. त्या मुलाने पिंजरा माझ्या हातातून घेतला आणि ठमीला थेट आत, ऑक्सिजनच्या काचपेटीत नेलं. कागदावर नाव-पत्ता नंतर. भाऊ गाडी लावायला गेला होता, म्हणून पुढचं बोलणं झालं तेव्हा खोलीत मी आणि डॉक्टर मॅडम, दोघीच.

त्यांनी पाकीट हातात घेतलं, दिव्यासमोर धरलं. एका कप्प्याचा कागद फाटलेला, आत अर्धी गोळी. मधल्या रेघेवर सरळ मोडलेली.

“कुठे सापडली म्हणालात तिला?”

“खाली पडली असणार. आईच्या हातून पडतात कधीकधी.”

“मांजर गोळी मोडून उरलेली अर्धी पाकिटात परत ठेवत नाही हो.” आवाजात ना थट्टा ना राग. “मी रागावणार नाही, तेवढा वेळच नाही. किती दिली आणि कधी, एवढंच सांगा.”

मी सांगितलं. अर्धी, पावणेदहाला, चुरून, पाण्यातून.

“पाण्यातून?”

“हो.”

“म्हणजे पोटात आता काही नाही. तीन तास झालेत, सगळं रक्तात गेलंय.” आणि त्या आत वळल्या.

या एका उत्तराने काय बदललं ते मला दुसऱ्या दिवशी समजलं. आख्खी गोळी खाल्ली असती आणि तासा-दीड तासात आणली असती, तर आधी उलटीचं इंजेक्शन, मग ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातलं विष स्वतःला चिकटवून घेणारा काळा कोळसा, असा क्रम असता. ‘कधी ते माहीत नाही’ या माझ्या वाक्यामुळे त्यांना निदान तो विचार तरी करावा लागला असता. धापा टाकणाऱ्या मांजराच्या घशात कोळसा ओतायचा की नाही, असा. खरी वेळ कळल्यावर तो प्रश्नच मिटला. थेट उतारा.

त्या आधी त्यांनी एक गोष्ट केली, ती काचेतून मी बघितली. ठमीच्या पायातल्या शिरेतून रक्ताचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर सोडला आणि वाट पाहिली. शिरेतलं रक्त गडद असतंच, पण हवा लागली की ते लाल होतं. हा थेंब झाला नाही. अर्धं मिनिट, एक मिनिट, तपकिरीच. कोकोसारखा. शेजारच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ८५ दिसत होता. मी मनात म्हटलं, ठीक आहे, ८५ काही अगदीच वाईट नाही. मॅडम म्हणाल्या, त्या आकड्याकडे बघू नका. रक्त असं बिघडलं की हे यंत्र फसतं, खरी स्थिती काही असो, ८५ च्या आसपास घुटमळत राहतं. त्यांचा भरवसा थेंबावर होता.

उतारा म्हणजे ॲसिटिलसिस्टीन. तेही माणसांचंच औषध. छातीतला कफ पातळ करायला देतात, आणि माणसाने पॅरासिटामॉल जास्त घेतली तर त्यालाही हेच देतात. कुपी फोडली तेव्हा दारापर्यंत सडक्या अंड्याचा वास आला. त्यात गंधक असतं. पहिला डोस किलोला १४० मिलिग्रॅम, म्हणजे ठमीला ५६०, पातळ करून, बारीक गाळणीतून, सावकाश शिरेत. पुढे दर सहा तासांनी त्याच्या निम्मा, २८०, असे सात. पहिला सोमवारी पहाटे एकला, शेवटचा मंगळवारी संध्याकाळी सातला. ते वेळापत्रक पिंजऱ्यावर चिकटवलेलं होतं आणि प्रत्येक डोसापुढे कुणीतरी सही करत होतं. मला तो कागद अजून डोळ्यांपुढे दिसतो.

पहाटे तीनच्या सुमारास श्वास चाळीसच्या खाली आला. मॅडम बाहेर येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि मी न विचारता सांगायला लागल्या. मला वाटतं त्यांना माझा चेहरा दिसत होता.

आपण ही गोळी घेतो तेव्हा यकृत तिला एक साखरेसारखा पदार्थ जोडतं, ग्लुकुरॉनिक ॲसिड. तो जोडला की औषध विरघळून लघवीवाटे निघून जातं. ही जोडणी करणारं जे विकर आहे, त्याचं जनुक मांजरात मोडलेलं आहे. ठमीत नाही, सगळ्याच मांजरांत. वाघ-सिंहांतसुद्धा. मांस खाऊन जगणाऱ्या कुळाला वनस्पतींतली विषं निपटायची फारशी गरज पडली नाही, म्हणून ते जनुक गंजत गेलं असावं, असं मानतात. आता ती वाट बंद म्हटल्यावर औषध दुसऱ्या वाटांनी जातं, आणि त्या वाटांवर जे तयार होतं ते जाळणारं असतं. ते आधी पेशींमधला ग्लुटाथायोनचा, म्हणजे पेशींना अशा जळण्यापासून वाचवणाऱ्या पदार्थाचा, साठा संपवतं. तो संपला की थेट लाल पेशींवर हात घालतं. हिमोग्लोबिनमधलं लोह गंजल्यासारखं होतं आणि ऑक्सिजन धरेनासं होतं. म्हणून थेंब तपकिरी. ॲसिटिलसिस्टीन तो ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरायला लागणारा कच्चा माल पुरवतं.

“माणसाचं यकृत जातं,” त्या म्हणाल्या, “मांजराचं आधी रक्त जातं.” त्यातही मांजराचं हिमोग्लोबिन मुळात नाजूक. ज्या गंधकाच्या जागांवर घाव बसतो, त्या माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन, कुत्र्याच्या चार, मांजराच्या आठ.

मग मी तो प्रश्न विचारला. “अर्धी गोळी म्हणजे किती जास्त झाली?”

किलोला दहा मिलिग्रॅमवरसुद्धा मांजरांना त्रास झालेला आहे. ठमीला बासष्ट गेले होते. माणसाच्या हिशेबात, साठ किलोच्या बाईने एका वेळी साडेसात गोळ्या गिळण्याइतके. आणि त्या बाईचं यकृत निदान धड असतं. मांजरासाठी या गोळीचा सुरक्षित असा डोसच नाही. पाव नाही, कपटाभर नाही, बाळांचं गोड औषध नाही.

सोमवारचा सगळा दिवस मी तिथेच होते. भाऊ दुपारी येऊन गेला. रात्री फोन घेणारा तो मुलगा डबा खायला बाहेर बसला तेव्हा आमच्या गप्पा झाल्या, खरं तर त्याच्याच. माझ्यासारखे, म्हणजे प्रेमाने औषध पाजणारे, बरेच येतात म्हणाला. पण चोरून खाणारीही असतात. मांजर कडू गोळीला सहसा तोंड लावत नाही, मात्र व्हेन्लाफॅक्सिन नावाची नैराश्यावरची कॅप्सूल आहे, तिचा वास मांजरांना का कोण जाणे आवडतो. ती आपणहून चावून खातात. मग बुबुळं विस्फारलेली, छाती धडधडतेय, जागच्या जागी थांबवत नाही. आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीने मूत्रपिंडं जातात आणि पोटात जखमा होतात. ॲस्पिरिन माणसाच्या अंगातून काही तासांत उतरायला लागते, मांजरात निम्मी उतरायलाच दीड दिवसाहून अधिक लागतो.

आणि गिळावंच लागतं असंही नाही. टक्कल पडू नये म्हणून डोक्याला मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांच्या उशीवर मांजर झोपतं, मग अंग चाटतं, आणि छातीत पाणी भरून येतं. त्वचेच्या कॅन्सरवरचं फ्लुरोयुरॅसिल मलम ट्यूबवरून चाटलं तरी घातक. औषध दीर्घकाळ हळूहळू सोडत राहणाऱ्या गोळ्यांबद्दल तो दोनदा म्हणाला: पहिले काही तास मांजर ठणठणीत दिसतं, घरचे म्हणतात काही नाही झालं, आणि खरा प्रकार नंतर सुरू होतो. लक्षणांची वाट बघत बसायचंच नाही, गोळी गेली हे कळल्यावर निघायचं.

मी हे सगळं पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. लिहिताना हाताला काहीतरी काम मिळालं, एवढंच त्याचं कारण.

मला वाटलं होतं सोमवारी रात्र निघाली की सुटलो. हिरड्या मातकटपणा सोडून फिकट गुलाबीकडे यायला लागल्या होत्या. सूज उतरत होती. मंगळवारी सकाळी पिंजऱ्यातल्या पांढऱ्या कापडावर लघवीचा डाग गडद तपकिरी आला. मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला दिला. निळसर रंगवलेल्या लाल पेशी, आणि कितीतरी पेशींच्या कडेला एकेक टेंगूळ, चामखिळीसारखं. हाइन्झ बॉडीज. जळालेलं हिमोग्लोबिन गोळा होऊन पेशीच्या भिंतीला चिकटतं ते. अशा पेशी फुटतात, नाहीतर प्लीहा त्यांना मोडीत काढते. म्हणजे श्वास सुधारला तरी पंडुरोग मागाहून येतो. रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण सोमवारी ३७ टक्के होतं, मंगळवारी २७, बुधवारी २१.

बुधवार मला सगळ्यात जड गेला. पहिल्या रात्री निदान धावपळ होती. बुधवारी फक्त थांबायचं होतं, आकडा आणखी खाली जातो का ते बघत. रक्त द्यायची तयारी ठेवली. ठमीचा गट तपासून ठेवला होता, ए निघाला. मांजरांचे गट ए, बी आणि एबी, आणि ए व बी गटांच्या मांजरांच्या अंगात दुसऱ्या गटाविरुद्धची प्रतिद्रव्यं कधी रक्त न चढवताही सहसा आपोआप तयार झालेली असतात. बी गटाच्या मांजराला ए चं रक्त चुकून दिलं तर पहिल्याच खेपेला जीव जाऊ शकतो. म्हणून कितीही घाई असली तरी गट बघितल्याशिवाय मांजराला रक्त चढवत नाहीत. एक धष्टपुष्ट बोका, दवाखान्यातल्याच कुणाचा तरी, रक्तदाता म्हणून कळवून ठेवला होता. त्याला मी कधी बघितलं नाही. वेळ आली नाही. गुरुवारी सकाळी आकडा २३ आला, आणि ठमीने वाटीतलं खाल्लं. सगळं नाही. कडेकडेचं.

पाय? हो, पाय. सोमवारी दुपारीच मॅडमनी पंजा दाबून नखं एकेक बाहेर काढून पाहिली होती. एक नख मुळाशी मोडलं होतं, अर्धवट लोंबत होतं. त्यांनी ते कापलं, धुतलं, पट्टी बांधली. दोन मिनिटांचं काम. तापही नव्हता.

गुरुवारी दुपारी ठमी घरी आली. सोबत यकृतासाठी गोळ्या दिल्या, एस-ॲडेनोसिलमेथायोनिनच्या. मोडायच्या नाहीत, चुरायच्या नाहीत, उपाशीपोटी आख्ख्या द्यायच्या, कारण वरचं आवरण फुटलं तर त्यांचा उपयोग राहत नाही. त्या मुलाने गोळी जिभेच्या मागे कशी ठेवायची ते तिच्यावर दाखवलं आणि म्हणाला, आता तुम्ही करा. माझा हात पुढे जाईना. त्याने माझं मनगट धरून नेला.

आता आईचं.

सोमवारपासून आई तिच्या गोळ्या टेबलावर बसून, समोर ताटली ठेवून घ्यायला लागली होती. तिचे हात थरथरतात. पूर्वी ती पलंगावर बसून पाकीट दाबायची आणि गोळी कधी चादरीत, कधी खाली जायची. आता दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून, श्वास रोखून, ताटलीच्या बरोबर मध्यावर. एकदा रात्री मी घरी आले तर ती दिव्याखाली सगळी पाकिटं पसरून रिकामे कप्पे मोजत होती. मला पाहून गोळा करून डब्यात भरली. मी काय चाललंय विचारलं नाही. मला माहीत होतं काय चाललंय.

डॉक्टरांना तीन तासांत खरं सांगितलं, कारण ठमीचा जीव त्यावर होता. आईला सांगायला तशी घाई नव्हती ना. भावालाही सांगितलं नव्हतं. ‘खाली पडलेली गोळी’ घरात तशीच राहिली होती, आणि घरात गोळ्या पडतात त्या एकाच माणसाच्या हातून.

गुरुवारी संध्याकाळी ठमी आईच्या पायाशी पट्टी बांधलेला पंजा पुढे टाकून झोपली होती. मी म्हटलं, “आई, तुझी गोळी नव्हती ती. मी दिली तिला. तापाची. अर्धी, पाण्यातून.”

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तापाची?”

“हो.”

“मग बीपीची कुठे गेली?”

मला कळेना.

“मी मोजल्या,” ती म्हणाली. “तीनदा मोजल्या. दिवस आणि गोळ्या लावून पाहिलं. एक जास्त गेलीय. मला वाटलं तीच खाल्लीन तिनं. तुम्ही दोघं मला वाईट वाटेल म्हणून नाव सांगत नाही.”

भाऊ दाराशी उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, काही न बोलता फोनचा उजेड लावला आणि पालथा पडला. आम्ही पलंग ओढला. काही नव्हतं. कपाट दोघांनी मिळून वीतभर सरकवलं. मागच्या पायाजवळ, धुळीच्या बोळ्यात, पांढरी, मसुराएवढी गोळी पडली होती. तिला ठमीचे दोन राखाडी केस चिकटलेले.

रक्तदाबाच्या काही गोळ्या मांजरालाही देतात, डॉक्टर सांगतील तेव्हा, गोळीचा बारीकसा तुकडा करून. ही आख्खी होती.

आईने ती चिमटीत उचलली, फुंकर मारून केस उडवले, आणि डब्यातलं पाकीट काढून रिकाम्या कप्प्यात ठेवून पाहिली. बसली.